बायला वाचून न दाखवलेला मथळा

स्क्रीनवर मथळ्याखालचं सगळं आमच्या ऑफिसातले दादा आपल्या रुंद तळहाताने झाकायचे आणि विचारायचे, "आता सांगा मॅडम, खोट कुठं हाय?"

खोट आहे का, असं नाही. कुठं आहे, एवढंच. ती असणारच, हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

आमचं छोटं ऑफिस जुन्या पनवेलात, एका फरसाणवाल्याच्या दुकानाच्या वर. काम लँडिंग पेजेसचं. मोबाईलवर प्लॉटची जाहिरात दिसते, तुम्ही तिला बोट लावता, एक पान उघडतं. वर मोठ्या अक्षरात एक ओळ, खाली नाव आणि नंबर भरायची चौकट. ती वरची ओळ चांगली असेल तर तुम्ही नंबर देता, नसेल तर पान बंद करता. ती ओळ आमच्याकडे हे गृहस्थ लिहायचे. जवळच्या गव्हाण गावचे, पन्नाशी ओलांडलेले, मिशी पांढरी. आधी चौकाचौकात लागणाऱ्या वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर लिहीत. सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची.

लोकांनी लिहिलेले मथळे ते वाचायचे ते चोर पकडल्यासारखे. "निसर्गाच्या कुशीत," मी एकदा लिहिलं. दादा म्हणाले, "म्हंजे रस्ता नाय." मी लिहिलं, "मोजकेच प्लॉट शिल्लक." ते म्हणाले, "म्हंजे एकपन विकला गेला नाय." "स्वप्नातलं घर" लिहिलं त्या दिवशी तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "मॅडम, स्वप्नात म्हस पन उडते. तिचं दूध काढनार का तुमी?"

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मी स्वतः काही कमी नाही. मला भाजीवाल्याच्या तराजूचा संशय येतो, हसून बोलणाऱ्या शेजाऱ्याचा येतो. तेव्हा मथळा लिहून झाला की हा माणूस दर वेळी फोन घेऊन गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो, हे माझ्या नजरेतून कसं सुटेल? त्यातच समोरच्या रस्त्यावर आमच्यासारखंच दुसरं ऑफिस उघडलेलं. मी मनाशी म्हटलं, आपली ओळ तिकडे विकली जातेय.

एकदा तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने मी गॅलरीच्या दाराशी उभी राहिले. दादा मथळा फोनवर वाचून दाखवत होते, अगदी सावकाश. मग कान देऊन ऐकलं. मग "बरं, बरं," म्हणून आत आले आणि सगळी ओळ खोडून टाकली.

"कोणाला वाचून दाखवता?" मी सरळच विचारलं.

"बायला."

बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण. उरणजवळच्या मोरा बंदरावर मासळी विकते. "ती 'बरं मग?' बोलली का मथला मेला," दादा म्हणाले. "'पुढं काय?' बोलली का जमला. तिला फसवून दाखवा कुनी."

मी एवढ्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. बहिणीचा नंबर मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पापलेटचा भाव विचारायला म्हणून फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "नंबर कुनी दिला?" तेव्हा खात्री पटली. बहीण त्यांचीच.

पुढे आमच्याकडे प्लॉटिंगची एक मोठी योजना आली. त्या मालकाची अट होती की पान सुरू होईपर्यंत मथळा ऑफिसबाहेर कोणाच्या कानावर जाता कामा नये. मी दादांना ते सांगितलं. त्यांनी फोन खिशात घातला, पण मालकाला विचारल्याशिवाय राहिले नाहीत.

"प्रत्येकाच्या नावाचा वेगला सातबारा होनार? कागद दाखवा ना."

"पेपर प्रोसेसमध्ये आहेत," मालक म्हणाला.

"प्रोसेस म्हंजे कुठं?"

मालक हसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी विषय बदलला. ऑफिस चालवायचं तर गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेऊन कसं चालेल?

संध्याकाळी दादांनी मथळा लिहिला. "सातबाऱ्यावर पुन्हा तुमचं नाव."

आमच्या भागातल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. गावोगावच्या शेतजमिनी आणि मिठागरं सरकारी प्रकल्पात गेली, त्याबरोबर सातबाऱ्यावरची नावंही गेली. पैसे मिळाले, कोणाचे बंगले झाले, कोणाचे नुसतेच संपले. पण नाव गेल्याचं दुखणं दोघांनाही आहे. तो "पुन्हा" माझ्यासारख्या भाड्याच्या घरात वाढलेल्या बाईनेही दोनदा वाचला. मी खालचा मजकूर हाताने झाकून त्यांच्याच सुरात विचारलं, "खोट कुठं हाय?"

"हाय," ते म्हणाले. "पन मथल्यात नाय."

त्या दिवशी ते गॅलरीत गेले नाहीत.

पान सुरू झालं आणि फोन थांबेनात. दोनेक दिवसांत दादांचाही फोन वाजला. ते नुसतं ऐकत होते, चेहरा उतरत चालला होता. मग त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. "मॅडम, तुमी सांगा हिला."

बाय होती. कोणीतरी तिच्या मोबाईलवर पान पाठवलेलं. बापाच्या जमिनीतले तिच्या वाट्याला आलेले पैसे तिने इतकी वर्षं पोटाशी धरून ठेवलेले. ते घेऊन ती दुसऱ्या दिवशी प्लॉटचं टोकन द्यायला निघणार होती.

"बाय, खोट हाय त्यात," दादा म्हणाले.

"तुला सगल्यातच खोट दिसते. माज्या नवऱ्यात पन दिसलेली. जन्मभर नीट वागला तो."

"अगं, मथला मीच लिवलाय."

पलीकडून हसू आलं. "तू? तू असला गोड कवा बोललास?"

मी म्हटलं, "खरं आहे ताई, त्यांनीच लिहिलाय." तर म्हणते, "तुमी त्याचीच बाजू घेनार," आणि फोन ठेवून दिला. आयुष्यभर जो माणूस प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणत आला, त्याचं खरं 'नाही' कोणाला ओळखू येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला ऑफिसात घेऊनच आले. कशी आणली देव जाणे. ठेंगणी, काटक बाई, पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. बसायच्या आधी तिने खुर्ची हलवून पाहिली.

"मोबाईलवर ते पान काढ," दादा म्हणाले. तिने काढलं. ते संगणकापुढे बसले. काय करतायत ते मला कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले.

"आता पान परत उघड."

बायने परत उघडलं. ओठ हलवत वाचलं. वर, त्याच मोठ्या अक्षरात, साऱ्या तालुक्याला दिसेल असं, लिहिलेलं होतं, "बाय, हे मीच लिहिलंय. टोकन देऊ नको."

तिने भावाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "नि तो 'पुन्हा'? तो पन तुजाच?"

"माजाच."

"तुला ठाव होता, ते वाचून मी येनार."

"तुजाच विचार करून लिवला, बाय. तुला वाचून दाखवला नाय, तेवढंच."

ती उठली. चहा आलेला तसाच राहिला. मालकाच्या ऑफिसकडे गेली नाही, सरळ उरणच्या रिक्षात बसली. ते मी गॅलरीतून पाहिलं. तोवर माझा फोन वाजायला लागला होता. मालकच होता. मी तो वाजू दिला. ते गिऱ्हाईक त्याच दिवशी गेलं.

दादांना मी जा म्हटलं नव्हतं. मी रागावले होते, ते खरं. महिनाभर ते येत राहिले, संगणकापुढे बसायचे, एक ओळ लिहायचे, खिशातला फोन चाचपायचे आणि ओळ खोडायचे. शेवटी म्हणाले, "बाय फोन उचलत नाय. मंग मथला जमला का मेला, मला कलनार कसा?" आणि गेले. आता जासईला कंटेनरच्या गोदामात फाटकावर असतात. कागद आणि सील जुळल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, असं काम. ड्रायव्हर त्यांच्या नावाने बोटं मोडत असणार.

त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही. मथळे आता मीच लिहिते. परवा एकावर अडले, तेव्हा गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि बायला फोन लावला. तिने ऐकून घेतलं.

"बरं मग?" म्हणाली.

मला हसूच आलं. ओळ बदलून पुन्हा वाचली. या वेळी म्हणाली, "तो आता लिवत नाय?"

"नाही."

"त्याला सांगा, फोन कर म्हनावं. काय पन वाच म्हनावं. मी आयकीन."

मी लगेच दादांना फोन लावला. मागे कंटेनरच्या गाड्यांचा घरघराट. "तुमच्या बायचा निरोप आहे," म्हटलं, आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आता ते 'खोट कुठं हाय' विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवत होते.

"पुढं काय?" दादांनी विचारलं. "पुढं काय बोलली?"