अर्धा जांभळा स्फटिक

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे विसरलो, त्या स्फटिकाचे मात्र आजही विसरता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष झाले असेल. मी तुमसर भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. तिथल्या महाविद्यालयाचे प्राचार्य तक्रार घेऊन आले. खनिजसंग्रहातला ॲमेथिस्टचा वीतभर स्फटिक नोंदवहीत 'गडद जांभळा' होता, कपाटात मात्र पांढुरका दगड दिसत होता. दगड बदलला, असा त्यांचा आरोप. किल्ली एकट्या परिचराकडे असे. त्याची निवृत्ती तीन महिन्यांवर होती. गुन्हा दाखल झाला असता तर निलंबन ठरलेले, पेन्शनही अडकली असती.

त्यातच खबर मिळाली, की परिचर अंगठीच्या खड्यांच्या दुकानात दोनदा दिसला. मला वाटले, जुळले.

त्याला ठाण्यात बोलावले. हवालदार म्हणाले, "काहून जी बुवा, म्हातारपणी जवाहिरे झाले काय?"

"मी इकायले नाही गेलो, साहेब. दगडाचा रंग उडून राहिला होता. परत आणता येते काय, हे इचारायले गेलो होतो."

"दगडाचा रंग उडते? लुगडं होय काय ते?"

"मग प्राचार्यांना आधीच का नाही सांगितलं?" मी विचारले.

"कोण मानलं असतं जी? तुम्ही तरी मानून राहिले काय?"

मी मानत नव्हतो. जबाब लिहिताना नजर समोरच्या भिंतीवर गेली. जिल्हा तुटल्यावर जुना मोठा नकाशा काढून तिथे नवा, लहान लावला होता. जुन्याने झाकलेला चुना नव्याच्या चौफेर अजून निळा होता. बाकी भिंत उन्हाने फिकी पडली होती.

मी लेखणी ठेवली. दगड आडवा, अर्धा प्लास्टरच्या बैठकीत बसवलेला होता, हे मी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दोन पंच बोलावले आणि प्राचार्यांसमोर छिन्नीने प्लास्टर फोडले. आतला अर्धा भाग पिकल्या जांभळासारखा होता. दगड तोच होता. उन्हात या खनिजाचा रंग जातो, असे पुढे नागपूरच्या एका प्राध्यापकांनी लेखी कळवले. चौकशी बंद झाली. प्राचार्यांनी तर प्लास्टर फुटले तेव्हाच सर्वांसमोर परिचराचा हात धरून माफी मागितली.

त्याचे लक्ष मात्र दगडाकडेच होते.

"साहेब, नवीन पोरं आली का मीच ते कपाट खिडकीत सरकवत होतो. उन्हात लय चमके जी. मंग रंग मीच घालवला काय?"

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या कॉलेजात असाच एक परिचर माझ्यासाठी वाचनालय उशिरापर्यंत उघडे ठेवत असे. तो मला आठवला.

त्यानंतर संशयित गप्प राहिला, की तो काय लपवतो यापेक्षा कशाला भितो, हे मी आधी विचारू लागलो. त्या दिवशी पंचनाम्यावर सही करून परिचराने दगड उचलला, जांभळी बाजू खाली करून कपाटात ठेवला आणि खिडकी लावून घेतली.