मुक्या घंटा

तिला माहेरी सगळे धाकटी म्हणत, म्हणून आपणही धाकटीच म्हणू. चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. गिऱ्हाईक पुढे फ्रेम निवडून जायचं आणि मागे धाकटी त्या फ्रेमच्या मापाची काच यंत्रावर धरायची. यंत्रावर सतत पाणी पडत राहायचं, त्यामुळे तिचे हात दिवसभर ओले असत. खोली एवढीशी, तिथं आवाज एवढा, की बाहेर काउंटरवर बसणाऱ्या मामींना तिला हाक मारायची तर दारावर लाथच घालावी लागे. मामी कुणाच्याच मामी नव्हत्या, पण दुकानाचा मालकसुद्धा त्यांना मामीच म्हणायचा आणि जरा घाबरूनच असायचा.

धाकटीचा नवरा विम्याच्या कंपनीचं काम घरून करी. बाहेरच्या खोलीत खिडकीला पाठ करून तो कॉम्प्युटरसमोर बसलेला असे. माणूस शांत होता. आवाज चढवायचा नाही. जेवताना तिचा फोन टुंग वाजला की घास हातात धरून थांबायचा, आणि वाजणं संपलं की मगच तोंडात घालायचा.

एकदा तो म्हणाला, "तुझा फोन कॉम्प्युटरला जोडून ठेवू या. तुझे हात ओले, तू किती वेळा पुसणार? महत्त्वाचं काही आलं तर मी बघतो आणि तुला फोन करतो."

"अहो, तुमच्या कामात उगाच खोळंबा."

"माझ्यासमोर स्क्रीन असतेच की गं."

त्याने फोन जोडला. इमारतीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून रोज रणधुमाळी चाले, ती त्याने तिच्यासमोरच बंद केली. ग्रुपच्या नावापुढे घंटेवर काट मारलेलं छोटं चित्र आलं. धाकटीला खरंच हायसं वाटलं. मामींना तिनं कौतुकानं सांगितलंही.

मग फोन हळूहळू गप्प होत गेला. आधी शाळेतल्या मैत्रिणी, मग चुलतभाऊ, मग वडिलांचे, अण्णांचे, रोजचे सुप्रभात. तायडीशी, म्हणजे मोठ्या बहिणीशी, तिचं एका फुटकळ गोष्टीवरून वाजलं होतं. आता तिनंच आधी बोलावं, असं धाकटीनं मनाशी धरलं. तायडीचं काहीच येईना. धाकटीही हट्टाला पेटली.

"माझी कुणाला आठवणच येत नाही हो," ती एकदा म्हणाली.

"लोक असेच असतात," नवरा म्हणाला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

एका दुपारी मामींनी दारावर लाथ घातली. "बाहेर ये. तुझी बहीण आलीये, आणि तोंड बघवत नाहीये तिचं."

तायडी काउंटरपाशी उभी होती. बसायला तयार नव्हती.

"अण्णा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं," ती म्हणाली. "तू येणार नाहीस ते कळलं. पण 'सारखं कळवू नका' हे लिहायला हात कसा धजला तुझा?"

"मी? मी कधी लिहिलं?"

तायडीनं आपला फोन तिच्यापुढे धरला. धाकटीच्या नावानं उत्तरं होती. 'कामात असते, फोन करू नका.' 'नंतर बोलू.' आणि काल, अण्णांच्या बातमीखाली: 'मला जमणार नाही, ताई. सारखं कळवू नका.'

धाकटी ते वाचत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तायडे, मी तुला ताई कधी म्हटलंय का गं?"

तायडीचा चेहराच बदलला. "मला वाटलं, रागावून म्हणतेस."

मामींनी धाकटीचा फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि शोधाशोध केली. एका बाजूला सारलेल्या यादीत सगळी माणसं सापडली. तायडी, अण्णा, चुलतभाऊ, दोन मैत्रिणी. प्रत्येकापुढे काट मारलेली घंटा. सगळे निरोप वाचलेले. जोडलेल्या यंत्रांत एकच नाव होतं, घरचा कॉम्प्युटर, आणि त्याखाली लिहिलं होतं: आत्ता सुरू आहे.

जणू नवरा त्या अक्षरांतून ऐकत होता.

"काढून टाकू?" मामींनी कुजबुजत विचारलं.

"मी काढते." धाकटीनं बोट पदराला पुसलं आणि दाबलं. नाव गेलं.

तायडी पाण्याचा पेला शोधतेय तोवरच फोन वाजला. नवरा.

"अगं, कॉम्प्युटरला काहीतरी झालंय वाटतं. तुझं काही दिसेना."

"हो का?"

"कुठे आहेस?"

"कामावर."

"यंत्राचा आवाज येत नाहीये. कोण आहे जवळ?"

तायडीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "कुणी नाही," धाकटी म्हणाली.

"बरं. तू तिथंच थांब. मी येतो. फोन परत जोडू." त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

मामींनी मागचं दार उघडलं. ओला एप्रन धाकटीनं रिक्षात बसल्यावर सोडला.

त्या दिवसापासून ती अण्णांकडे राहते. अण्णा काठी घेऊन चालतात आणि चालताना तिच्यावर खेकसतात, त्यानं तिला बरं वाटतं. वकिलीण गाठली आहे, घटस्फोटाचा अर्ज गेला आहे. काम तिला दुसऱ्या दुकानात मिळालं. कुठल्या, ते मामी कुणाला सांगत नाहीत. फोनचा आवाज मात्र ती पूर्ण उघडा ठेवते, आणि वाजला की दचकते.

नवरा त्या दिवशी दुकानात आला होता, हे मामींनी तिला बऱ्याच उशिरा सांगितलं. आरडाओरडा नाही, काही नाही. खुर्चीत बसला, डोळे तपासून घेतले, फ्रेम निवडली.

"काचा कधीपर्यंत हव्यात म्हणून मी विचारायच्या आतच म्हणाला," मामी सांगत होत्या, "घाई नाही. ती बसवेल तेव्हाच नेईन."

फ्रेम अजून दुकानात पडून आहे. दर आठवड्याला तो फोन करून विचारतो, झाली का म्हणून.