तोरणाखालची पहिली जोडी

पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जायची. पुढे त्यांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले, पण मान सोडला नाही. मग आमच्या तांड्यावरची आमचीच जोडी त्यांच्या नावानं जाऊ लागली. बाबा शिंगं रंगवून, झूल चढवून कासरा पाटलांच्या हाती देत आणि गर्दीत मागे उभे राहून सांगत, "आपलेच बैल हायत."

एका पोळ्याला बाबा कासरा द्यायला पुढे झाले, तशी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "बैल आपले, मंग कासरा त्यायच्या हाती काहून?"

बाबांनी कासरा सोडलाच नाही. छाती काढून तोरणाखालून गेले. ती चाल आठवली की अजून ऊर भरून येतो, आणि मागोमाग रागही येतो. कारण त्या दिवशी कोणीच अडवलं नाही. इतकी वर्षं कासरा आम्हीच नेऊन देत होतो.