पत्रकातलं ‘कदाचित’

आमच्या घरात मुलं पाठ्यपुस्तकाआधी पत्रकं वाचतात. आटपाडीला पाणी यावं म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, उभा जन्म पत्रकं काढली आणि उरलेले कागद आईनं फडताळात अंथरले. लोणच्याची बरणी उचलली की खाली ‘आता माघार नाही!’ दिसायचं. तिथूनच मी दोन नियम शिकले. खोटं छापायचं नाही आणि मिळमिळीत छापायचं नाही. हे दोन एकमेकांच्या आड येतील असं कधी वाटलं नव्हतं.

माझी मोठी बहीण पुण्यात विश्वाच्या सुरुवातीच्या काळावर संशोधन करते. गावच्या वाचनालयानं तिचं मराठीत व्याख्यान ठेवलं, आणि पत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. विषय समजावायला ताईनं मला शेततळ्यावर नेलं आणि पाण्यात दोन खडे टाकले.

“बघ, दोन्ही वर्तुळं एकमेकांतून आरपार गेली. ओळखसुद्धा दिली नाही.”

“पुण्याला गेलेल्या भावकीसारखी,” मी म्हणाले.

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “विश्व अगदी कोवळं होतं तेव्हा त्यातही लाटा होत्या. कुठे द्रव्य दाट, कुठे विरळ. लाटा बारीक असतील तर त्या अशाच आपापल्या वाटेनं जातात. मोठ्या असतील तर एकमेकींत गुंततात, आणि त्या गुंत्यातून वेगळ्याच जातीची लाट निघते. खुद्द अवकाशाला ताणत, आकसत जाणारी. ती गुरुत्वीय लाट.”

माझं रक्त सळसळलं. “म्हणजे एकटीनं होत नाही, एकीनं होतं! विश्वालाही संघटना करावी लागली!”

“संघटना नाही गं. दोन लाटांचा गुणाकार.”

“गुणाकारावर सभा भरत नाही, ताई.”

कराडहून पाचशे प्रती छापून आणल्या. वर ठळक मथळा होता: ‘विश्वाच्या कोवळ्या वयातल्या लाटा सापडल्या!’ व्याख्यानाच्या आदल्या सकाळी ताईनं तो वाचला आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

“सापडल्या कुठे?”

“तूच म्हणालीस ना, आकाशातून गुणगुण ऐकू आलीय म्हणून?”

“गुरुत्वीय लाटांची गुणगुण आलीय. पण ती कोवळ्या विश्वातली, की जोडीनं फिरणाऱ्या अवाढव्य कृष्णविवरांची, हे कुणालाच ठाऊक नाही. माझा सगळा अभ्यास तेवढ्यासाठीच चाललाय. उद्या माझे सर येणारेत. हा कागद वाटला तर मी बोलायला उभी राहणार नाही.”

“मग काय लिहू? ‘कदाचित सापडल्या’? आबांनी कधी ‘कदाचित पाणी द्या’ लिहिलं होतं का?”

आबा कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी टरफलं झटकली. “आगं, ती मागणी हुती. मागणीत कदाचित नसतंय. ही बातमी हाय. आण पेन.”

दुपारपर्यंत आम्ही तिघं पाचशे वेळा हातानं ‘कदाचित’ लिहीत होतो. उद्गारचिन्हही खोडावं असं ताईचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तेवढं मी मेल्यावर.

दुसऱ्या दिवशी वाचनालय भरलं. ताई छान बोलली. खड्यांचं सांगितलं, गुणगुणीचंही सांगितलं. शेवटी मागून एक फेटेवाले आजोबा पत्रक हातात धरून उठले.

“आवं ताई, सापडल्या का न्हाई, तेवढं सांगा.”

“अजून माहीत नाही,” ताई म्हणाली.

मी डोळे मिटले. ज्या गावानं आजवर फक्त ‘झालंच पाहिजे’ ऐकलं, त्याच्यापुढे हे!

“चाळीस वरसं ह्या घरची पत्रकं वाचतोय,” आजोबा म्हणाले. “माहीत न्हाई म्हणणारं पयलंच माणूस निघालं. बरं, कवा कळंल?”

“दहा-वीस वर्षं तरी लागतील.”

“व्हय? मग पाण्यापरास लवकरच म्हणायचं!”

सगळं वाचनालय हसलं, आबा सगळ्यांत मोठ्यानं. ताईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला मागूनही दिसला.

निघताना तिच्या सरांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. “‘कदाचित’ उत्तम,” ते म्हणाले. “उद्गारचिन्ह मात्र जरा घाईचं.”

मी तोंड उघडलं होतं. ताईनं माझा हात असा दाबला की मी ते मिटलं.