गाठीवर जळकं ऑइल

गोदाम राखणारी कुत्री आजारी पडली, की ती कोणाचीच कशी उरत नाही?

मी दापोड्याच्या गोदामात कामाला आहे. आमच्या कुत्रीच्या आचळाजवळ लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा ड्रायव्हरांनी तिच्यावर ट्रकचं जळकं ऑइल चोपडलं. खरजेवर चालतं, मग गाठीवर का नाही, असं त्यांचं म्हणणं! ती ते चाटून ओकत राहिली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासू, मग गाठ कापायची का ते ठरवू.”

हे ऐकून गोदामाचे शेठ खिदळले. “कुत्रीची कसली रं तपासणी? मेली तं दुसरी येल. गेट रिकामं न्हाय ऱ्हात.”

कुत्रीला गोणपाटात गुंडाळून मी रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तपासणीचा निकाल अजून यायचा आहे.

तुमच्या गेटवरच्या कुत्रीच्या पोटावरून आजच हात फिरवा. गाठ लागली तर ऑइल लावू नका, तिला डॉक्टरकडे न्या.