खांदा ठेवजा

आईच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा मी गोंदियाच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहत होते. शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडची एक तरुण बाई होती. धान मळताना तिचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडून कोपरापासून तुटला होता. ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली.

"आणखी वरून कापावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

नवरा तोंड फिरवून रडायला लागला. ती मात्र उठून बसली.

"कापा जी. पन खांदा ठेवजा. पोरगी तेथंच झोपते माझी."

"पूर्ण प्रयत्न करतो," डॉक्टर म्हणाले.

खांदा वाचला. काही दिवसांनी सासू पोरीला घेऊन आली. पट्ट्या पाहून पोर घाबरली आणि आजीला बिलगली. आता ही बाई कोसळणार, असं मला वाटलं. तिनं फक्त कूस बदलली आणि डावा हात पुढे केला.

"मंग इकडं ये."

बऱ्याच वेळानं पोर आली आणि डाव्या खांद्यावर झोपली. झोपेत तिचा हात घसरून पट्टीवर पडला. पोरीच्या आईनं ओठ घट्ट दाबले.

"दुखते का? उचलू तिचा हात?" मी विचारलं.

"दुखून राह्यलं," ती म्हणाली, "पन राहू द्या."