ट्रॅकची बुजलेली छिद्रं

"राजू, तू बसवलेल्या खिडकीतून पाणी येऊनच राह्यलं," काका फोनवर म्हणाले. मी राळेगावला साईटवर होतो.

"परवाच सिलिकॉन मारलं ना, काका."

"मारलं. तवापासून जास्तच येते."

"दोन दिवसांत येऊन पायतो."

दोन दिवसांचे सहा झाले.

दारव्ह्यात मी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवतो. काका तहसीलमधून रिटायर झालेले. घरात ते आणि काकू, दोघंच. पश्चिमेच्या खोलीला मीच खिडकी बसवून दिली होती. तिकडून वाऱ्यासोबत पाऊस आडवा येतो. पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मी बाहेरून फ्रेमच्या चारही बाजूंना फटी बुजवायचं सिलिकॉन भरलं, काकूंच्या हातचा चहा प्यालो आणि निघालो.

सातव्या दिवशी गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"तुम्हाले माहीत नाही का? काकू सकाळी पडल्या. खिडकीखालचं पाणी पुसायले गेलत्या, फरशीवरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं म्हणतात. यवतमाळले नेलं."

चावी त्यांच्याकडेच होती. त्यांनी दार उघडून दिलं. फरशीवर पोछा तसाच पडला होता.

मी तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतलं. ट्रॅक म्हणजे खालची पन्हळीसारखी पट्टी, जिच्यात काच सरकते ती. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला छोटी छिद्रं असतात. माझं पाणी बाहेर गेलंच नाही. ट्रॅक भरला आणि पाणी आतल्या भिंतीवरून खाली ओघळलं. बाहेर जाऊन पाहिलं. चारही छिद्रांवर सिलिकॉन. माझ्याच हातचं, छान गुळगुळीत.

ब्लेडने छिद्रं मोकळी केली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

तिथूनच एसटीने यवतमाळला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात काका बाकावर बसले होते. शेजारी काकूंच्या चपला, पिशवीत घातलेल्या.

"काका, चूक माही आहे. पाणी जायची छिद्रं मीच बुजवली होती."

त्यांनी चपलांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तिले नोको सांगू. ती म्हणते, माह्याच पायात जीव नव्हता."

"पण काका..."

"मीच तिले म्हटलं होतं, राजू येऊन राह्यला, पुसू नोको. तिनं सहा दिवस वाट पायली."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

ऑपरेशन झालं, पण काकू पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हिवाळ्यात गेल्या. तेराव्याला गेलो तेव्हा काकांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ती खिडकी नंतर कधी गळली नाही. गळती सिलिकॉनने थांबतेच असं नाही. पाण्याला आधी बाहेर जायला वाट हवी. हे मला काम शिकताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आणि गिऱ्हाईक जास्त पाणी येतं म्हणतं, तेव्हा जास्तच येत असतं. त्याच दिवशी जावं.